चॅनल १६ अडला तर कोस्टगार्डला हाक कशी पोहोचते? बंदरावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. ती जात आता नामशेष झाली, का ते खाली येईलच. हल्ली रत्नागिरीच्या बाजूला राहतो आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी बंदरावर वायरलेसचे वर्ग घेतो. नाखवे, खलाशी, त्यांच्या घरच्या बायका आणि गल्फच्या जहाजांवर निघालेली पोरं तिथे जे विचारतात, तेच इथे उतरवून ठेवलंय. क्रम विचारणाऱ्यांचा आहे, माझा नाही.

वायरलेस जाम होतो म्हणजे नेमकं काय होतं?

आपला व्हीएचएफ सेट एका वेळी एकच काम करतो. बटण दाबलं की बोलतो, सोडलं की ऐकतो. चॅनल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. संकटात हाक मारायला आणि एकमेकांना पहिल्यांदा बोलावायला सगळ्या जगाने ठेवलेली ही एकच सामायिक जागा. तिथे कुणी बटण धरून बसला की आसपासच्या सगळ्यांचे कान बंद.

यात एक गोष्ट लोकांना माहीत नसते. व्हीएचएफ सेट एफएम पद्धतीचा असतो. दोघांनी एकदम बटण दाबलं, तर जो जवळचा किंवा जोरकस असेल तोच ऐकू येतो. दुसरा बारीक आवाजातही येत नाही, पुरता पुसला जातो. विमानवाले अजून जुन्या एएम पद्धतीवर बोलतात. तिथे दोघे एकदम बोलले की शिट्टीसारखी किरकिर होते आणि निदान दुसरा कुणीतरी आहे हे तरी कळतं. आपल्याकडे तेवढंही कळत नाही. तुम्ही गळा फाडून ओरडलात आणि मधल्या बोटीवर कुणी माशाचा भाव विचारत असेल, तर किनाऱ्याला भावच ऐकू जातो.

हे कुणी मुद्दाम करतं का? शत्रूचं काम?

नव्याण्णव वेळा नाही. २६/११ ला ‘कुबेर’ ही मासेमारी बोट बळकावून अतिरेकी मुंबईत आले, तेव्हापासून किनाऱ्यावर असा संशय चटकन येतो, आणि तो यावाच. पण रोजच्या जामची कारणं साधी असतात. अडकलेलं बटण, गप्पा, आणि तिसरं म्हणजे बोटीवरचेच दिवे.

दिव्यांचं ऐकून लोक हसतात. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कोस्टगार्डने यावर खास इशारा काढला होता: स्वस्त एलईडी दिवे व्हीएचएफच्या पट्ट्यात इतका गोंगाट सोडतात की सेट बहिरा होतो. घरच्या घरी तपासता येतं. शांत चॅनल लावा, स्क्वेल्चची कळ फिरवून खरखर जेमतेम बंद होईल तिथे ठेवा आणि मग दिवे लावा. खरखर परत आली, की चोर सापडला. एलईडी लावून मासेमारी करायला बंदी आहे, त्याबद्दल इथे बोलत नाही; केबिनमधल्या दिव्यांबद्दल बोलतोय.

बटण अडकतं तरी कसं?

एका संध्याकाळी मच्छीमार सोसायटीच्या सेटवर बसलो होतो. चॅनल १६ वर कुणीतरी आलं आणि गेलंच नाही. आधी इंजिनाची धडधड. मग कुणीतरी कुणाला तरी कांदा चिरायला सांगितलं. कालच्यासारखं मीठ टाकू नको म्हणून तंबी दिली. मग फोडणीचा चर्र आवाज. पाऊण तास सगळ्या पट्ट्याला त्या बोटीवरच्या बांगड्याच्या कालवणाची वार्ता लागत होती, आणि त्या बोटीला मात्र जगातलं काहीच ऐकू येत नव्हतं, कारण सेट बोलत असला की ऐकत नाही. शेवटी शेजारच्या बोटीच्या तांडेलाने बाजूला नेऊन आरोळी ठोकली. नाखवा माईकवर बसला होता.

माईक टांगायचा हूक तुटलेला असतो, म्हणून तो गादीखाली किंवा लाइफजॅकेटच्या ढिगात खुपसला जातो. दुसरं कारण मीठ. ओल्या हाताने दाबलेल्या बटणाच्या फटीत खारं पाणी सुकतं, रबर कडक होतं आणि सोडलं तरी बटण आतच राहतं. गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने आठवड्यातून एकदा पुसा. सेटच्या पडद्यावर ‘टीएक्स’ दिसत असेल किंवा लाल दिवा जळत असेल आणि तुम्ही बोलत नसाल, तर दर्यावरचं सगळ्यांचं बोलणं तुम्ही बंद पाडलेलं आहे. काही सेट पाच मिनिटांनी आपोआप बोलणं तोडतात. घेताना ते विचारून घ्या.

चॅनल अडला की कोस्टगार्डचे लोक काय करतात?

पहिल्यांदा कान देतात. अडकलेल्या माईकमधून जे काही येतं ते सगळं उपयोगी असतं: भाषा मालवणी की गुजराती, इंजिन एक की दोन, कुणी कुणाला नावाने हाक मारली का. त्याच वेळी कुठल्या ठाण्याला आवाज किती जोरात येतोय ते ताडून पाहतात. रत्नागिरीला खणखणीत आणि डहाणूला काहीच नाही, तर निम्मा समुद्र आपोआप गळला.

मग दिशा शोधणारं यंत्र. आवाज कुठल्या अंशातून येतोय ते ते सांगतं. दोन ठिकाणांहून दोन रेघा ओढल्या की नकाशावर त्या जिथे छेदतात तिथे बोट. अडकलेलं बटण इथे उलट मदतच करतं, कारण ते सतत बोलत असतं आणि यंत्राला सतत बोलणारा सावज सोपा. तेवढ्यात फोन सुरू होतात: मच्छीमार सोसायट्या, सागरी पोलीस, मत्स्यव्यवसाय खात्याचे परवाना अधिकारी. अमक्या बंदराची कुठली बोट या बाजूला गेलीय, तिच्या मालकाला लावा. गस्तीवरची बोट किंवा विमान जवळ असेल तर ते त्या रेघेवर वळवतात.

पण हे सगळं चालू असताना मागे कुणी बुडत असेल, ही भीती ऑपरेटरच्या डोक्यातून जात नाही. म्हणून बाकीच्या वाटांवरचं लक्ष दुप्पट होतं: चॅनल ७०, उपग्रह, फोन. आणि खरोखर कुणी अडचणीत असल्याचं कळलं, तर जहाज नुसतं हाका मारत थांबत नाही, त्या दिशेने सुटतं. जो जोरकस तो ऐकू येतो हा नियम इथे कामी येतो. २५ वॅटचा सेट घेऊन जहाज जवळ आलं, की त्याचा आवाज जाम करणाऱ्याच्या वर चढतो.

आणि चॅनल अडलेला असताना आमच्याच इंजिनरूममध्ये पाणी शिरलं तर?

तरीही आधी १६ वर बोला. तुमच्यापाशी अडलेला वाटणारा चॅनल दहा मैलांवरच्या जहाजापाशी मोकळा असू शकतो. दोनदा बोलून उत्तर नाही आलं की थांबू नका.

सेटवर झाकणाखाली लाल बटण असेल तर झाकण उचलून पाच सेकंद दाबून धरा. ही हाक चॅनल ७० वर जाते. तिथे माणसं बोलतच नाहीत, फक्त यंत्रं यंत्रांना संदेश देतात, त्यामुळे १६ अडला तरी ७० मोकळा असतो. अर्ध्या सेकंदात तुमचा नंबर आणि ठिकाण आसपासच्या प्रत्येक डिजिटल सेटवर जाऊन भोंगा वाजतो, आणि कुणी पोच देईपर्यंत दर चारेक मिनिटांनी सेट स्वतःच पुन्हा हाक मारतो. मात्र दोन गोष्टी आधी केलेल्या हव्यात. सेटमध्ये तुमच्या बोटीची ओळख सांगणारा नऊ आकडी एमएमएसआय नंबर भरलेला हवा, भारताचा ४१९ ने सुरू होतो. आणि जीपीएसची वायर जोडलेली हवी. वर्गाला येणाऱ्या दहापैकी निम्म्या बोटींवर ती वायर सेटच्या मागे गुंडाळून ठेवलेली असते.

मोबाइलला रेंज असेल तर १५५४. हा कोस्टगार्डचा नंबर, पैसे पडत नाहीत. सागरी पोलिसांचा १०९३. मोठ्या जहाजांचे कान चॅनल १३ वरही असतात. तेही नाही जमलं तर दारूगोळा: लाल पॅराशूट रॉकेट ३०० मीटर वर जाऊन ४० सेकंद जळतं, हातातली लाल मशाल एक मिनिट, भगवा धूर तीन मिनिटं. रॉकेट रिकाम्या समुद्रावर उडवू नका. जहाजाचे दिवे दिसले किंवा विमान ऐकू आलं की मगच.

डॅट जाम होतो का?

व्हीएचएफच्या जामचा डॅटशी संबंध नाही. डॅट म्हणजे डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर. संकटाची हाक देणारं, इस्रोने बनवलेलं हे यंत्र थेट उपग्रहाशी बोलतं. हाक बेंगळुरूच्या केंद्रात उतरते आणि तिथून कोस्टगार्डच्या बचाव केंद्राकडे जाते. २०१० पासून ते चालू आहे, आणि वीस हजारांहून जास्त बोटींवर बसलंय. जुन्या डॅटची मोठी तक्रार अशी, की बटण दाबलं तरी कुणी ऐकलं की नाही ते कळायचं नाही. माणूस अंधारात बटण दाबून नुसता बसायचा. २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात किनाऱ्याकडून पोच मिळते, आणि ठिकाण आपल्या देशाच्या ‘नाविक’ नावाच्या उपग्रहांवरून घेता येतं. माझ्या मते ती पोच हाच खरा फरक. मदत निघालीय हे कळलेला माणूस बोट सोडून उडी मारायची घाई करत नाही.

मेडे कसं द्यायचं? इंग्रजी यायलाच हवं का?

‘मेडे’ हा शब्द तेवढा हवा, तीन वेळा. तो इंग्रजी मे महिन्यातला नाही. १९२३ मध्ये लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरचे रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून तो काढला, कारण तिथली बरीच विमानं पॅरिसला ये-जा करत. पुढचं मराठीत चालतं. आपल्या किनाऱ्यावर ऐकणाऱ्याला मराठी, हिंदी कळते. असं:

“मेडे, मेडे, मेडे. बोट जलकन्या, जलकन्या, जलकन्या. जयगड दीपस्तंभाच्या पश्चिमेला बारा मैल. इंजिनरूममध्ये पाणी शिरतंय, पंप बंद. सात माणसं. पांढरी बोट, निळा पट्टा. ओव्हर.”

ठिकाण आधी, रडगाणं नंतर. सेट त्या क्षणी बंद पडला तरी ठिकाण गेलेलं असायला हवं. आणि ‘ओव्हर’ म्हणून बटण सोडा. घाबरलेला माणूस बटण दाबूनच ठेवतो आणि उत्तर का येत नाही म्हणून आणखी घाबरतो, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

हाक अर्धवटच ऐकू गेली तर ती सोडून देतात का?

नाही, आणि त्यामागे एक वाईट गोष्ट आहे. २९ डिसेंबर १९९७, अमेरिकेतलं चार्ल्सटन बंदर. पहाटे दोन वाजून गेले होते. ‘मॉर्निंग ड्यू’ नावाची ३४ फुटी शिडाची बोट बंदराच्या तोंडाशी दगडी बांधावर आदळली. बोटीवर एक बाप आणि तीन मुलं. कोस्टगार्डच्या ठाण्यावर एकच तरुण पहाऱ्याला होता. त्याला तुटकी हाक ऐकू आली, त्यात कोस्टगार्डचं नाव होतं एवढं कळलं. त्याने दोनदा उलट हाक दिली, उत्तर नाही, म्हणून विषय संपला. टेप मागे फिरवून ऐकली नाही. पहाटे आत येणाऱ्या एका मोटारवाहू जहाजावरच्या खलाशाला अंधारात किंकाळ्या ऐकू आल्या. पायलट बोटीने थोडं पाहिलं, काही दिसलं नाही. दिवस वर आल्यावर मृतदेह मिळायला लागले. चौघंही गेले. नंतर टेप वाजवली, तर त्यात ‘मेडे’ स्पष्ट होतं.

त्या चौकशीनंतर अमेरिकेने आपल्या किनाऱ्यावर ‘रेस्क्यू २१’ ही यंत्रणा उभी केली. प्रत्येक हाकेची दिशा आपोआप निघते, आणि ऑपरेटर आवाज लगेच पुन्हा ऐकू शकतो. त्या पहाऱ्यावरच्या पोराची मला अजून कीव येते. मीही रात्रपाळीला तुटक आवाज ऐकून ‘असेल कुणीतरी’ म्हणून सोडून दिलेत. माझ्या नशिबाने त्यातलं एकही खरं निघालं नाही, किंवा निघालेलं मला कळलं नाही.

वादळात सगळेच एकदम ओरडायला लागतात. तेव्हा?

तेव्हा चॅनल कुणी न अडवताही अडतो. बचाव सांभाळणारं केंद्र किंवा जहाज ‘सिलॉन्स मेडे’ म्हणतं, म्हणजे या संकटाशी संबंध नसलेल्यांनी गप्प बसा. ‘सिलॉन्स फिनी’ म्हणेपर्यंत माईकला हात लावायचा नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा मुंबई हायजवळ पी-३०५ या तराफ्यावर २६१ माणसं होती. त्याच दिवसांत पालघरच्या किनाऱ्याजवळ ‘गल कन्स्ट्रक्टर’ अडकला होता, त्यावर १३७. त्यांना हेलिकॉप्टरने काढलं. अशा वेळी नौदल, कोस्टगार्ड, जवळची व्यापारी जहाजं सगळी एकाच संकटाभोवती बोलत असतात. त्यात आपण ‘वारं कसं आहे तिकडे’ विचारू नये.

दुसऱ्या बोटीची हाक तुम्हाला ऐकू आली आणि तिला कुणी उत्तर देत नाही असं दिसलं, तर गप्प बसू नका. ‘मेडे रिले’ असं म्हणून ती जशीच्या तशी पुढे द्या.

हाक किती लांब ऐकू जाते?

व्हीएचएफ जवळपास नजरेसारखा सरळ जातो, म्हणून वॅटपेक्षा उंची महत्त्वाची. हिशेब सोपा आहे: दोन्ही अँटेनांच्या उंचीची, मीटरमध्ये, वर्गमुळं काढा, बेरीज करा, सव्वादोनने गुणा. तुमची अँटेना चार मीटरवर आणि किनाऱ्यावरची शंभर मीटरच्या टेकडीवर, तर दोन अधिक दहा, म्हणजे सुमारे २७ सागरी मैल. तीच हाक तराफ्यात बसून एक मीटरवरच्या हातातल्या सेटवरून सोळा मीटर उंच अँटेनाच्या जहाजाला दिली, तर जेमतेम ११. म्हणून बुडायच्या आधी मोठ्या सेटवरून बोला.

शोध नेमका कुठून सुरू करतात?

शेवटच्या माहीत असलेल्या ठिकाणापासून. पण तिथे बोट नसणार हे धरूनच. बंद बोट वाऱ्याने एकीकडे वाहते, पाण्यातला माणूस प्रवाहाने दुसरीकडे. हैदराबादच्या इन्कॉइसचं, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राचं, सॅरॅट नावाचं साधन आहे. त्यात काय हरवलंय ते निवडायचं, साठेक प्रकार आहेत, आणि ते कुठवर वाहत गेलं असेल ते नकाशावर येतं. ठिकाण पक्कं असेल तर चौकोन वाढवत नेतात, कच्चं असेल तर समांतर रेघा मारत समुद्र विंचरतात. आपल्या देशाकडे शोधासाठी नेमून दिलेला समुद्र ४६ लाख चौरस किलोमीटर आहे, देशाच्या जमिनीपेक्षाही मोठा. तुमच्या हाकेतला ‘जयगडच्या पश्चिमेला बारा मैल’ एवढाच तुकडा त्यातून काम वाचवतो.

जहाज जवळ आलं की तुम्हाला एक ते दहा सावकाश मोजायला सांगतील. गंमत म्हणून नाही. तुम्ही बोलत राहिलात की त्यांच्या यंत्राला दिशा धरता येते.

गल्फमध्ये जीपीएसच जाम होतं म्हणतात. खरं का?

खरं. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर वर, त्यांचा आवाज खाली येईपर्यंत इतका क्षीण होतो की छोटं यंत्रही तो बुडवू शकतं. जाम झाला तर पडद्यावर ठिकाण येत नाही. हे परवडलं. खोटा जीपीएस जास्त वाईट, कारण ठिकाण दिसतं आणि ते चूक असतं. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसियस्कजवळच्या वीसेक जहाजांना आपण विमानतळावर उभे आहोत असं दिसत होतं. जून २०२५ मध्ये होर्मुझच्या बाजूला शेकडो जहाजं पडद्यावर जमिनीवर चढली होती. त्याच दिवसांत ‘फ्रंट ईगल’ आणि ‘अ‍ॅडालिन’ या टँकरांची टक्कर झाली, आणि अमिरातीच्या बचाव बोटींनी ‘अ‍ॅडालिन’वरच्या २४ जणांना उतरवलं.

बचावाला निघालेले लोक अशा पाण्यात तुमच्या आकड्यांवर विसंबत नाहीत. उलट प्रश्न येतात: किनारा दिसतो का, कुठला दिवा, किती वाव पाणी, होकायंत्रावर टेकडी कुठे? म्हणून जहाजावर जाणाऱ्या पोरांना माझं सांगणं असतं, पहाऱ्यात दर तासाला रडारवरून एक तरी खूण घेऊन कागदावर लिहा. ठिकाण अचानक उडी मारतंय, वेग शून्य किंवा भलताच दिसतोय, घड्याळ बदललंय, की समजा काहीतरी बिनसलंय.

चुकून लाल बटण दाबलं गेलं. आता पोलीस येतील का?

सेट बंद करून गप्प बसलात तर हेलिकॉप्टर येईल. चॅनल १६ वर बोटीचं नाव घेऊन ‘हाक चुकून गेली, रद्द करतो’ असं सांगा, आणि १५५४ लाही कळवा. उपग्रहाला संकटाची हाक देणारी ४०६ मेगाहर्ट्झची तरंगती यंत्रं असतात, त्या बोयांच्या हाकांमध्ये जगभर ९० टक्क्यांहून जास्त खोट्या निघतात, बहुतेक अशाच चुकून. चुकणाऱ्यावर कुणी डूख धरत नाही.

मुद्दाम खोटी हाक देणारा वेगळा. अमेरिकेत त्याला सहा वर्षांपर्यंत कैद आहे, वर शोधाचा खर्च. आपल्याकडे परवानगीशिवाय जॅमर बाळगणं हाच गुन्हा आहे. ऑनलाइन मिळतो म्हणून घेऊ नका.

तुमची नोकरी का गेली?

पूर्वी रेडिओरूमच्या घड्याळावर लाल आणि हिरव्या फाका रंगवलेल्या असत. दर तासाला ठरावीक तीन-तीन मिनिटं जगातल्या सगळ्या जहाजांनी गप्प राहायचं आणि फक्त ऐकायचं. कुणाची क्षीण हाक असेल तर तेवढ्या शांततेत कानावर पडावी म्हणून. १ फेब्रुवारी १९९९ पासून उपग्रह आणि लाल बटणाची पद्धत पूर्ण लागू झाली. ऐकायला माणूस लागेनासा झाला, आणि आम्ही घरी आलो. पद्धत चांगली आहे, तक्रार नाही. ती तीन मिनिटं मात्र ठेवायला हवी होती.

बोट वेळेवर आली नाही तर घरच्यांनी काय करायचं?

रात्रभर वाट पाहत बसू नका. १५५४ लावा. बोटीचं नाव आणि नोंदणी नंबर, रंग, माणसं किती, कधी निघाली, कुठल्या बाजूला जाणार होती. डिझेल आणि बर्फ किती दिवसांचा भरला होता हेही विचारतील, त्यावरून ती मुद्दाम थांबलीय की अडकलीय याचा अंदाज येतो. बोटीचा एक फोटो मोबाइलमध्ये असू द्या, दोन्ही बाजूंनी काढलेला.

आणि बोट परत आली, की तोच नंबर पुन्हा फिरवून तसं सांगा. एका बंदरावर बोट लागून माणसं जेवायला बसली होती, आणि वरून विमान त्यांनाच शोधत घिरट्या घालत होतं.